पुणे ते कोल्हापूर सायकलने : मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार असताना हलक्या सामानाची तयारी कशी कराल?

"डॉक्टर, गटातले सगळे सायकलने कोल्हापूरला चाललेत. मला शुगर आहे, प्रेशरची गोळीही चालू आहे. जाऊ का?" दवाखान्यात हा प्रश्न विचारणारे बहुतेक जण पन्नाशी ओलांडलेले असतात, आणि शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या घरच्या माणसाच्या चेहऱ्यावर 'नाही म्हणा' असे स्पष्ट लिहिलेले असते.

बहुतेकांना माझे उत्तर 'जा, पण तयारीने' असे असते. नियमित सायकल चालवल्याने साखर, रक्तदाब आणि वजन या तिन्हींना फायदा होतो. पण रोज सकाळी तासभर सायकल चालवणे आणि सलग तीन-चार दिवस, दिवसाला पाच-सहा तास चालवणे या दोन गोष्टींत शरीराच्या दृष्टीने मोठा फरक आहे. रोजच्या गोळ्यांचा डोस तुमच्या रोजच्या हालचालीवर बेतलेला असतो. हालचाल चौपट झाली की तीच गोळी तेवढ्याच डोसमध्ये जास्त पडू शकते. म्हणून अशा प्रवासाची तयारी सायकलच्या दुकानापासून नव्हे, तुमच्या औषधांच्या चिठ्ठीपासून सुरू करा.

हा लेख पुणे–कोल्हापूर मार्ग डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. मार्ग दुसरा असला तरी औषधांची माहिती तीच लागू पडते.

आधी कोणी तपासून घ्यावे?

किमान तीन महिने आधी डॉक्टरांना भेटा. तब्येत चांगली असली, तरी औषधांचा डोस बदलून तो सरावाच्या फेऱ्यांमध्ये आजमावायला तेवढा वेळ लागतो. निघायच्या आदल्या आठवड्यात येऊन 'फिटनेस सर्टिफिकेट द्या' म्हटले तर डॉक्टरांच्या हातात फारसे काही उरत नाही.

हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, अँजिओप्लास्टी किंवा बायपास झाली असेल, तर हृदयरोगतज्ज्ञांची स्पष्ट परवानगी आणि बहुधा ट्रेडमिल चाचणी लागेल. चढावर छातीत दडपण येत असेल, नेहमीपेक्षा जास्त धाप लागत असेल किंवा व्यायाम करताना चक्कर आली असेल, तर 'वय झालंय' म्हणून सोडून देऊ नका. आधी तपासणी, मग पुढचा विचार.

मधुमेह जुना असेल तर डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंड आणि पायांची संवेदना तपासून घ्या. पडद्यावर नाजूक नव्या रक्तवाहिन्या वाढल्या असतील, तर जोराच्या श्रमाने डोळ्यात रक्तस्राव होऊ शकतो. अशांनी नेत्रतज्ज्ञांनी उपचार पूर्ण करून परवानगी देईपर्यंत थांबावे.

काही जणांना मी सरळ 'या वेळी नको' म्हणतो. गेल्या काही महिन्यांत साखर एकदम उतरून बेशुद्ध पडलेले, साखर उतरल्याची लक्षणेच न जाणवणारे, रक्तदाब औषधांनीही आटोक्यात नसलेले, आणि ताप किंवा जुलाबातून नुकतेच उठलेले लोक यात येतात.

तुमच्या गोळ्या ओळखा

घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या टेबलावर मांडा. पुढचे मोठ्या अक्षरांतले नाव कंपनीने दिलेले असते. मागे बारीक अक्षरांत औषधाची खरी नावे असतात. ती वाचा, कारण आपल्याकडे एकाच गोळीत दोन-तीन औषधे एकत्र असणे अगदी नेहमीचे आहे.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा ग्लिबेनक्लामाइड यांपैकी नाव दिसले, किंवा तुम्ही इन्सुलिन घेत असाल, तर लांब पल्ल्यात साखर उतरण्याचा धोका खरा आहे. डोस किती कमी करायचा हे डॉक्टर ठरवतील. तुमच्या मनाने ना गोळी बंद करा, ना 'सायकल आहेच' म्हणून जास्त खाऊन ती झेला. इन्सुलिन मांडीत घेत असाल तर सायकलच्या दिवशी पोटावर घ्या. मांडीचे स्नायू सतत काम करत असताना तिथले इन्सुलिन लवकर शोषले जाते.

मेटफॉर्मिन, सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन ही औषधे एकटी असताना साखर सहसा धोकादायक उतरवत नाहीत. मात्र वाटेत उलट्या-जुलाब सुरू झाले तर मेटफॉर्मिन थांबवून डॉक्टरांना फोन करा.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात, आणि साखरेबरोबर पाणीही जाते. आधीच घाम, त्यात ही गोळी. शिवाय खाणे कमी आणि श्रम जास्त झाले तर रक्तात आम्ल वाढण्याचा एक दुर्मीळ पण गंभीर प्रकार या औषधांमुळे होऊ शकतो, आणि त्यात साखर फारशी वाढलेली दिसत नाही. त्यामुळे ही गोळी प्रवासापुरती आधीच बंद ठेवायची का, हे जरूर विचारा. प्रवासात मळमळ, पोटदुखी आणि दम लागणे एकत्र आले तर त्या दिवसाची सायकल संपली असे समजा आणि रुग्णालय गाठा.

व्होग्लिबोज किंवा अकार्बोज हे नाव बहुतेक रुग्णांना माहीतही नसते, कारण ते तिहेरी गोळीत ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनबरोबर दडलेले असते. हे औषध आतड्यात साध्या साखरेचे विघटन लांबवते. म्हणजे साखर उतरल्यावर तुम्ही घाईने चहातली साखर, पेढा किंवा उसाचा रस घेतलात, तर त्याचा परिणाम हवा तितक्या लवकर होणार नाही. तुमच्या गोळीत हे नाव असेल तर सोबत ग्लुकोज पावडरच हवी. महामार्गावर दर थोड्या अंतराने रसवंतीगृह दिसते, तेव्हा 'काही झालं तर रस आहेच' हा भरवसा तुमच्यासाठी नाही.

मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल, बिसोप्रोलॉल या रक्तदाबाच्या आणि हृदयाच्या गोळ्या नाडी संथ ठेवतात. साखर उतरताना होणारी धडधड आणि थरथर त्या झाकून टाकतात. घाम मात्र येतो, पण सायकलवर घाम तसाही येतच असतो. या गोळ्या चालू असतील तर मनगटावरच्या घड्याळातील नाडीचे आकडे पाहून जोर ठरवू नका. बोलण्याची कसोटी वापरा : शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर वेग ठीक, दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर हळू व्हा. या गोळ्या अचानक बंद करायच्या नसतात. त्या विसरून घरी राहणे हाही धोकाच आहे.

हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन, टॉर्सेमाइड या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आहेत. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल या मूत्रपिंडातील रक्तप्रवाहावर परिणाम करणाऱ्या. दोन्ही प्रकार चालू असताना भर उन्हात पाणी कमी पडले आणि संध्याकाळी गुडघेदुखीसाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी घेतली, की मूत्रपिंडाला अचानक इजा होऊ शकते. सायकलच्या गटांत 'पेनकिलर टाक, सकाळी मोकळा होशील' हा सल्ला फार सहज दिला जातो. तो सौम्य शब्दांत नाकारा. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल ठेवा, आणि ती गोळी पुरत नसेल इतके दुखत असेल तर एक दिवस विश्रांती घ्या.

क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलॉर, अ‍ॅस्पिरिन, वॉरफॅरिन, अ‍ॅपिक्साबॅन अशी रक्त पातळ करणारी औषधे घेत असाल, तर हेल्मेटशिवाय एक किलोमीटरही नाही. पडून डोक्याला मार लागला तर बरे वाटत असले तरी रुग्णालयात जा. डोक्यातला रक्तस्राव काही तासांनी लक्षणे दाखवू शकतो.

किती दिवस, कुठे मुक्काम?

पुण्याहून कोल्हापूर सुमारे २३० किलोमीटर. तरबेज सायकलपटू साताऱ्यात मुक्काम करून दोन दिवसांत पोहोचतात. तुम्ही तसे करू नका. पुणे–सातारा हा टप्पा साधारण ११० किलोमीटरचा आहे आणि त्यात कात्रज आणि खंबाटकी असे दोन चढ आहेत. एकाच दिवसात केल्यास खंबाटकी बहुधा दुपारच्या उन्हात, थकल्या पायांनी आणि सकाळच्या गोळीचा जोर चालू असताना वाट्याला येते.

त्यापेक्षा पहिला मुक्काम शिरवळला करा. अंतर सुमारे ५० किलोमीटर. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गारव्यात, नाश्ता पचल्यावर आणि साखर तपासून खंबाटकी चढा, उतरून सुरूर, भुईंजमार्गे साताऱ्याला जा. तिसरा दिवस सातारा–कराड, पन्नासएक किलोमीटर, त्यातल्या त्यात सोपा. चौथा कराड–कोल्हापूर, सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. चार दिवस म्हटले की गटातले तरुण कुरकुरतात. त्यांना पुढे जाऊ द्या. पण तुमच्याबरोबर किमान एक जण राहील हे आधीच ठरवा. या आखणीचा आणखी एक फायदा असा की दुसऱ्या दिवसापासूनचे तिन्ही मुक्काम मोठी रुग्णालये असलेल्या शहरांत होतात.

खंबाटकीत साताऱ्याकडून पुण्याकडे येणारी वाहतूक बोगद्यातून आणि साताऱ्याकडे जाणारी घाटातून, अशी विभागणी अनेक वर्षे राहिली आहे. नव्या बोगद्यांच्या कामामुळे त्यात बदल होत आले आहेत, म्हणून निघण्याच्या आठवड्यात चौकशी करा. चढावर उतरून सायकल ढकलत नेण्यात काहीही कमीपणा नाही. ज्यांच्या हृदयावर उपचार झाले आहेत त्यांना तर मी ते आधीच सांगून ठेवतो.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ हवेच्या दृष्टीने चांगला. पण तोच ऊस गाळपाचाही हंगाम असतो. सातारा, कराड, कोल्हापूर पट्ट्यात उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या दिवसरात्र रस्त्यावर असतात. बऱ्याचदा मागे दिवा नसतो आणि ट्रॉलीच्या बाजूने ऊस बाहेर आलेला असतो. अंधार पडायच्या आत मुक्कामी पोहोचा. जिथे सेवा रस्ता आहे तिथे तो वापरा.

सरावाचे गणित सोपे आहे. आठवड्याला अंतर थोडेथोडे, साधारण दहा टक्क्यांनी वाढवा. निघण्यापूर्वी सलग दोन दिवस प्रत्येकी ५० किलोमीटर, पूर्ण सामानासह, करून पाहा. साखर आणि औषधे कशी वागतात हे या दोन दिवसांत कळते. दुसऱ्या दिवशीची सकाळ नीट गेली, तर पुढचा प्रवास बहुधा नीट जाईल.

सामान : काय काढायचे, काय काढायचे नाही

हलके सामान ही केवळ हौस नाही. चढावर प्रत्येक जास्तीचा किलो तुमच्या हृदयाला आणि गुडघ्यांना ओढावा लागतो. पाणी सोडून सगळे मिळून चार-पाच किलोंत बसवता येते. ओझे पाठीवरच्या पिशवीत नको. ते सीटमागच्या आणि हँडलवरच्या पिशवीत ठेवा. पाठीवर ओझे असले की मान, कंबर आणि बैठक तिन्ही दुखतात.

सायकलचे कपडे दोन जोड : एक अंगावर, एक पिशवीत. रात्री धुवून पंख्याखाली टाकले की सकाळी वाळतात. मुक्कामासाठी एक पातळ पँट आणि टी-शर्ट. जाड टॉवेल, जीन्स, दुसरे बूट, चिवड्याचे डबे हे सगळे घरी. या रस्त्यावर दर काही किलोमीटरवर हॉटेल, टपरी आहे, त्यामुळे चार लिटर पाणी वाहायची गरज नाही. एक लिटर म्हणजे एक किलो. दोन बाटल्या ठेवा आणि भरत राहा.

रक्तदाबाचे यंत्रही मी घरी ठेवायला सांगतो. श्रमानंतर काही तास रक्तदाब नेहमीपेक्षा कमी दिसतो, चढाच्या लगेच नंतर जास्त. ते आकडे पाहून लोक एक तर घाबरतात किंवा गोळी सोडतात. दोन्ही नको.

औषधांची पिशवी मात्र अजिबात हलकी करायची नाही. ती एक किलोच्या आत सहज बसते, आणि तिच्यात हे हवे :

प्रवासाचे दिवस अधिक दोन दिवस पुरतील इतक्या सगळ्या गोळ्या, त्यांच्या मूळ पट्ट्यांमध्ये. डबीत मोकळ्या काढलेल्या गोळ्या आणीबाणीत कोणालाच ओळखता येत नाहीत. साखर मोजायचे यंत्र, सुया आणि किमान तीस पट्ट्या. पट्ट्यांच्या डबीचे झाकण घट्ट, कारण उष्णता आणि दमट हवेने पट्ट्या खराब होतात. ग्लुकोज पावडरच्या १५-१५ ग्रॅमच्या पाच-सहा पुड्या, स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून बांधलेल्या. ओआरएसची पाकिटे. पॅरासिटामॉल, मलमपट्टी, दम्याचा त्रास असेल तर पंप. हृदयरुग्णांनी जिभेखाली ठेवायची गोळी अंगावरच्या खिशात ठेवावी, पिशवीत नव्हे. ती नेहमी बसून घ्यायची, कारण तिने रक्तदाब पटकन उतरतो. लैंगिक शक्तीसाठीची सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल अलीकडे घेतली असेल तर जिभेखालची गोळी धोकादायक ठरू शकते. हे डॉक्टरांना संकोच न करता सांगा.

सगळी औषधे एका पिशवीत ठेवू नका. अर्धी तुमच्याकडे, अर्धी सोबत्याकडे. आणि ग्लुकोज तर कधीही मागून येणाऱ्या गाडीत नको. साखर उतरते तेव्हा गाडी दहा किलोमीटर पुढे गेलेली असते.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी वापरातले पेन ३० अंशांच्या आत ठेवायचे असते. जर्सीच्या मागच्या खिशात ते अंगाच्या आणि उन्हाच्या उष्णतेने तापते. ते कपड्यांच्या घडीत, पिशवीच्या मधोमध ठेवा, किंवा पाण्यात भिजवून वापरायची थंड पिशवी घ्या. बाष्पीभवनाने ती आत गारवा धरते. बर्फाला टेकवून ठेवू नका. मुक्कामी फ्रिज मिळाला तर बर्फाच्या कप्प्यात ठेवू नका, गोठलेले इन्सुलिन फेकूनच द्यावे लागते. जास्तीचे एक पेन सोबत ठेवाच.

एक कागद : नाव, आजार, औषधे आणि डोस, अ‍ॅलर्जी, घरचा फोन नंबर. प्लास्टिकच्या पाकिटात घालून गळ्यात किंवा खिशात. फोनला कुलूप असते आणि बॅटरीही संपते, म्हणून कागदच हवा.

पाणी आणि मीठ

तहान लागेल तसे प्या. दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन-चार घोट बहुतेकांना पुरतात. लघवी फिकट पिवळी असेल तर पाणी ठीक आहे. गडद आणि कमी होत असेल तर कमी पडते आहे. उलटी चूकही होते : भीतीने तासाला दीड-दोन लिटर साधे पाणी ढोसत राहिल्यास रक्तातील सोडियम उतरून डोके दुखणे, मळमळ, गोंधळल्यासारखे होणे सुरू होते. लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांना हा धोका जास्त.

घाम जास्त असेल त्या दिवशी एखादे ओआरएसचे पाकीट वापरायला हरकत नाही. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचे सूत्र लिहिलेले आहे का पाहा, आणि जितक्या पाण्यात सांगितले आहे तितक्याच पाण्यात मिसळा. हृदय कमकुवत असेल किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर मीठ-पाण्याचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. ओआरएस हा साखर उतरल्यावरचा उपाय नाही. या सूत्रात एका लिटरमध्ये फक्त साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असते. म्हणजे एका पेल्यात तीन ग्रॅमही नाही.

साखर : निघताना, वाटेत आणि रात्री

निघण्यापूर्वी साखर ९० पेक्षा कमी असेल तर आधी खा, मग निघा. ९० ते २५० च्या दरम्यान असेल आणि बरे वाटत असेल तर चालेल. २५० च्या वर असेल तर जोर करू नका. टाइप १ मधुमेह असेल तर कीटोन तपासा, आणि ते असतील तर त्या दिवशी सायकल नाही. वाटेत साधारण दर तासाला काहीतरी खा : केळे, पोळीची गुंडाळी, शेंगदाण्याचा लाडू. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी औषधे घेणाऱ्यांनी पहिल्या दोन दिवसांत दर तास-दीड तासाने तपासावे. तपासण्याआधी बोटे धुवा किंवा ओल्या कापडाने नीट पुसा. केळ्याचा चिकटपणा बोटावर राहिला तर यंत्र खोटा चढा आकडा दाखवते. दंडावर चिकटवायचे सतत मोजणारे यंत्र असेल, तर श्रमाच्या वेळी त्याचा आकडा काही मिनिटे मागे असतो. लक्षणे वेगळे सांगत असतील तर बोट टोचून पाहा.

आकडा ७० च्या खाली, किंवा तपासायला वेळ नाही पण लक्षणे आहेत : थांबा, सायकल रस्त्यापासून दूर घ्या, एक पुडी ग्लुकोज थोड्या पाण्यातून घ्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. अजून ७० च्या खाली असेल तर दुसरी पुडी. वर आल्यावर बिस्किटे किंवा पोळी खा. साखर १०० च्या वर टिकली आहे हे आणखी एकदा तपासल्याशिवाय सायकलवर बसू नका. ग्लिमेपिराइडसारख्या गोळीने उतरलेली साखर काही तासांत पुन्हा उतरू शकते, तेव्हा उरलेले अंतर गाडीने जाणे शहाणपणाचे.

सायकलवर ही लक्षणे ओळखणे रुग्णाला अवघड जाते. घाम, थकवा, भूक तर सगळ्यांनाच असते. सोबत्याला फरक आधी कळतो : माणूस अचानक गप्प होतो, चिडतो, सायकल रेषेत राहत नाही, साध्या प्रश्नाला भलतेच उत्तर देतो. सोबत्याला आधीच सांगून ठेवा की अशा वेळी मी 'काही नाही, चल' म्हणालो तरी ऐकायचे नाही. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे रात्र. दिवसभर रिकामे झालेले स्नायू रात्रभर रक्तातली साखर ओढत राहतात. त्यामुळे साखर झोपेत उतरू शकते, आणि हा परिणाम २४ तासांपर्यंत टिकू शकतो. रात्री झोपताना तपासा. इन्सुलिन घेत असाल तर पहाटे दोन-तीनच्या सुमारास गजर लावून पुन्हा एकदा तपासा, निदान पहिल्या रात्री तरी. लॉजवर एकट्याची खोली घेऊ नका, आणि मुक्कामाच्या रात्री दारू नको. रिकाम्या यकृतावर दारू साखर आणखी उतरवते.

बैठक, तळहात, पाय

पॅड असलेली चड्डी आत दुसरे काही न घालता वापरायची असते, शिवणी घासतात. रोज धुतलेली घाला, मुक्कामी पोहोचल्याबरोबर बदला. मधुमेहात बैठकीवरच्या छोट्या पुळीचे गळू व्हायला वेळ लागत नाही. जांघेत किंवा जननेंद्रियाला बधिरपणा आला तर मधून मधून उभे राहून चालवा आणि सीटची उंची व कल दुरुस्त करून घ्या. दिवसेंदिवस सहन करण्याची ती गोष्ट नाही. हाताच्या शेवटच्या दोन बोटांना मुंग्या येत असतील तर तळहातावरचा भार कमी करा, पकड बदलत राहा.

पायांची संवेदना कमी असेल तर रोज रात्री दोन्ही तळवे आणि बोटांच्या बेचक्या स्वतः पाहा, किंवा सोबत्याला पाहायला सांगा. फोड दिसला तर फोडू नका.

घरच्यांसाठी

'जाऊ नका' म्हणण्याऐवजी डॉक्टरांच्या भेटीला बरोबर या आणि तुमचे प्रश्न तिथे विचारा. फोनवर ठिकाण कळत राहील अशी सोय करून घ्या. चालत्या सायकलवर सारखे फोन करू नका. सकाळी निघताना, जेवणाच्या थांब्यावर आणि मुक्कामी, अशा तीन वेळा ठरवा. आणि 'ठीक आहात ना?' असे विचारले तर उत्तर 'हो' हेच येणार. त्यापेक्षा विचारा : "साखर किती होती? नंतर काय खाल्लंत?" आकडा सांगताना माणूस अडखळला किंवा विसंगत बोलला, तर लगेच सोबत्याला फोन द्यायला सांगा. सोबत्याचा नंबर तुमच्याकडे हवाच.

हे दिसले तर सायकल तिथेच थांबवा

छातीत दडपण किंवा दुखणे, ते डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणे. न थांबणारी धाप. घेरी किंवा डोळ्यांपुढे अंधारी. बोलणे अडखळणे, हातापायाची शक्ती जाणे. घाम थांबून अंग तापणे आणि गोंधळणे. चहासारखी किंवा काळपट लघवी, विशेषतः मांड्या प्रचंड दुखत असताना. मधुमेह असलेल्यांना हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येऊ शकतो. नुसता घाम, मळमळ आणि अचानक आलेला गळाठा एवढेच असते. साखर तपासली, ती ठीक आहे, तरीही बरे वाटत नाही, तर रुग्णालयात चला. रुग्णवाहिकेसाठी १०८, इतर आणीबाणीसाठी ११२, आणि राष्ट्रीय महामार्गावर अपघात झाल्यास १०३३.

परतल्यावर

प्रवासासाठी डोस कमी केला असेल तर तो पूर्ववत कधी करायचा, हे निघण्यापूर्वीच लिहून घ्या. कोल्हापुरात पोहोचल्यावर श्रम थांबतात, मिसळ आणि तांबडा-पांढरा रस्सा सुरू होतो, बसने किंवा रेल्वेने परतताना दिवस बसून जातो. साखर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चढलेली दिसते. मात्र पहिल्या रात्री उतरण्याचा धोका अजून असतो, म्हणून घाईने जुना डोस त्याच संध्याकाळी घेऊ नका.

नेहमीच्या रक्ततपासण्या लगेच करू नका. लांब पल्ल्यानंतर काही दिवस स्नायूंचे एन्झाइम, क्रिएटिनिन आणि लघवीतील प्रथिने वाढलेली दिसू शकतात आणि नसता घोर लागतो. बरे वाटत असेल तर आठवडाभर थांबून करा. प्रोस्टेटसाठीची पीएसए चाचणी करायची असेल, तर तिच्या आधी किमान दोन दिवस सायकलवर बसू नका.